आम्हाला लुटायलाही कोणी तयार नाही

महोदय,

विमानतळावरच्या रिक्षांबद्दलची आपली कालची बातमी वाचली. परगावच्या पाहुण्यांची लूट होते, पुण्याचं नाव खराब होतं, वगैरे. खरंच आहे ते. पण बातमीभर नुसते पाहुणेच. विमानतळाला लागूनच्या टिंगरेनगर, धानोरी, लोहगाव इथेही माणसं राहतात आणि तीही कधीमधी विमानातून उतरतात, हे आपल्या प्रतिनिधींच्या गावीही नसावं. पाहुणा निदान लुटला तरी जातो. आम्हाला लुटायलाही कोणी तयार नाही.

मागच्या महिन्यात मी आणि माझी जाऊ नागपूरहून आलो. विमान लेट, बाहेर पडेस्तोवर बारा वाजून गेलेले. दोघींच्या बॅगा, त्यात जावेचा गुडघा. पहिल्या रिक्षावाल्याने "कुठं?" विचारलं. मी टिंगरेनगर म्हटल्यावर त्याने नाही म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत, माझ्या खांद्यावरून मागच्या मुलाला विचारलं, "हिंजवडी का, सर?" दुसरा म्हणाला, चारशे. मीटरने चला म्हटलं, तर मीटर बिघडलेला. बिघडलेल्या मीटरवर लाल आकडे लख्ख पेटले होते.

हिशेब सांगते. पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये, पुढे किलोमीटरला 17, हे दर सप्टेंबर 2022 पासूनचे. आमचं घर विमानतळापासून फार तर चार किलोमीटर. म्हणजे अडुसष्ट रुपये. मध्यरात्रीनंतरचे 25 टक्के जादा धरून पंचाऐंशी. सामानाचे वर दिले तरी शंभराची नोट मोडली असती.

तिसरा मात्र भला माणूस निघाला. म्हणजे नेलं त्यानेही नाही, पण कारण सांगितलं. "काकू, संध्याकाळपासून लायनीत आहे. तुम्हाला सोडून आलो की परत शेवटी उभं राहायचं. शंभर रुपयांत रात्र काढू का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीटरचा कायदा त्याला ऐकवायचा, पण त्याच्या त्या रांगेचं काय, हे कोणीच बघत नाही.

मग मोबाइलवरून मागवून पाहिली. त्या रिक्षावाल्याने फोन करून "कुठं जायचंय?" एवढंच विचारलं आणि ऐकताक्षणी राइड रद्द. शेवटी भाच्याला झोपेतून उठवलं. त्याने स्कूटरवर दोन खेपा केल्या: आधी जाऊ आणि तिची बॅग, मग मी, माझी बॅग त्याच्या पायांत आडवी. पुण्याचं नाव त्या वेळी कितपत उजळलं, ठाऊक नाही.

आता कोणी म्हणेल, तक्रार करा. जरूर. मोटार वाहन कायद्याच्या 178 व्या कलमात भाडं नाकारणाऱ्या रिक्षाला दंड आहे, जास्तीत जास्त पन्नास रुपये. 2019 साली कायदा कडक केला म्हणून केवढा गाजावाजा झाला, त्यात बाकीच्या गाड्यांचा दोनशेचा दंड पाचशे झाला. तीनचाकीचे पन्नास होते तिथेच राहिले. चारशे मागणाऱ्याला पन्नासाची भीती घालायची!

माझी सूचना साधी आहे. जवळचं भाडं घेऊन जाणाऱ्या रिक्षाला निघताना वेळ घातलेली चिठ्ठी द्यावी. अर्ध्या तासात ती रिक्षा परत आली, तर तिला रांगेच्या शेवटी न पाठवता पुढे घ्यावं. याला ना निविदा लागते, ना उद्घाटन. कदाचित म्हणूनच होत नसेल.

मेट्रोने जा, असंही लोक सुचवतात. मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, आनंदच आहे. पण विमानतळ रामवाडीत नाही. तिथे उतरून "विमानतळ" म्हटलं की दिवसाउजेडीही तेच ऐकायला मिळतं, जवळचं भाडं परवडत नाही. आम्ही इतक्या जवळ राहतो की हवाई दलाचं सुखोई उडालं की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यापुरतं जवळ असणं बरं परवडतं सगळ्यांना.

जाता जाता एक. बातमीबरोबर छापलेला फोटो जुन्या टर्मिनलचा आहे. नवं टर्मिनल जुलै 2024 मध्येच सुरू झालं. फोटो तरी नवा काढायला कोणाला तरी पाठवा, आणि जमल्यास रात्री बारानंतर पाठवा, येताना त्यांना टिंगरेनगरची रिक्षा विचारायला सांगा.

आपली,
एक जुनी वाचक, टिंगरेनगर, पुणे