घडीचा चाकू : मोजायचे ते पाते

महोदय,

पावसाळी भटकंतीच्या सामानाची जी यादी पुरवणीत आली, तिच्यात ‘रोज जवळ ठेवायला एक मोठा घडीचा चाकू’ एवढेच लिहिले आहे. मोठा म्हणजे किती? खोक्यावर छापलेली लांबी बहुधा उघडलेल्या अख्ख्या चाकूची असते. २० सेंमीच्या चाकूत पाते जेमतेम साडेआठ-नऊ सेंमीचे, बाकी सगळी मूठ. पाते मुठीतच मावायचे, म्हणून मूठ त्याहून दोनअडीच सेंमी लांब लागतेच. १० सेंमीचे पाते घेतले की मिटलेला चाकू साडेबारा सेंमीच्या घरात जातो, वजन बऱ्याचदा दीडशे ग्रॅमला टेकते आणि लोकलच्या गर्दीत तो खिशातून मांडीला रुतत राहतो. फळ चिरणे, सुतळी तोडणे, पार्सल उघडणे या शहरी कामांना ७ ते ८ सेंमीचे पाते भरपूर झाले.

लांबीपेक्षाही जाडी नडते. मोठ्या चाकूंची पाती पाठीला साडेतीन-चार मिमी जाड असतात. असे पाते पेरूत घातले की सुरुवातीला कापते, मग पाचरीसारखे शिरते आणि पेरू चिरण्याऐवजी फुटतो. पुठ्ठ्यातही तेच, अर्ध्यात अडकते. पाठीला दोन-अडीच मिमी आणि धारेकडे निमुळते होत गेलेले पाते दिसायला किरकोळ वाटेल, पण खरे काम तेच करते.

आता पोलाद. मुंबईची हवा खारट आणि दमट, शिवाय चाकू राहतो घामेजल्या खिशात. हल्ली स्वस्त चाकूंत डी२ पोलादाचा बोलबाला आहे. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असते खरे, पण दीड टक्का कार्बनमुळे त्यातले बरेचसे कार्बाइडच्या कठीण कणांत अडकते आणि गंज रोखायला थोडेच उरते. धार मात्र ते छान धरते. इथल्या हवेला १२सी२७ किंवा १४सी२८एन ही साधी पोलादे अधिक मानवतात, आणि घरच्या दगडावर धारही लवकर घेतात. पात्यावर नुसते ‘४४०’ कोरलेले असेल तर ते ४४०ए, म्हणजे त्या मालिकेतले हलक्या प्रतीचे पोलाद, समजून किंमत करावी. ४४०सी वापरणारा ‘सी’ लिहायला विसरत नाही. कार्बन पोलादाचे पाते घ्यायला हरकत नाही, फक्त घरातली विळी आठवावी : कैरी चिरली की पाते काळे पडते आणि फोडींना लोखंडाचा वास लागतो. वापरून लगेच धुवायचे, पुसायचे. चामडी म्यानात ठेवून कपाटात टाकायचे नाही. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि पात्यावर ठिपके उठतात.

फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू अनेकांच्या आवडीचा. साडेआठ सेंमीचे पाते आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. पण त्याची मूठ लाकडी. जुलैत लाकूड फुगते आणि पाते खाचेत असे घट्ट बसते की नखाने उघडत नाही. ओढाताण करू नये. मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलके ठोकले की पाते थोडे बाहेर येते. मूठ सावलीत वाळवून सांध्यात जवसाचे तेल जिरवावे.

उघडलेले पाते मिटू न देणाऱ्या लॉककडे मात्र नीट पाहावे, बोटे त्याच्या भरवशावर असतात. सर्वात जास्त चाकू लायनर लॉकचे मिळतात. पाते उघडले की मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. नव्या चाकूत ही पट्टी बुडाच्या पाव ते निम्म्या रुंदीपर्यंत आलेली असावी. नुसती कडेला टेकत असेल तर जोर पडताच घसरेल. सरकत पलीकडच्या बाजूला भिडली असेल तर लॉक झिजले आहे. पाते मिटलेले धरून ठेवणारी बारीक गोळीही याच पट्टीत असते. चाकू मिटून, बोटे वाटेतून काढून, उघडणारी बाजू खाली धरून झटका द्यावा. पाते बाहेर डोकावले तर तो चाकू खिशात उघडणार, घेऊ नये. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याची एक खोड आहे. त्याने चांगले लॉकही सैल होते. वापरातले लॉक बिघडते ते बहुधा घाणीने. आंब्याचा रस सांध्यात वाळला, वर खिशातला कापूस चिकटला की पट्टी पूर्ण सरकत नाही. कोमट पाणी, जुना टूथब्रश, पूर्ण सुकवणे आणि सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होत जाते.

धार लावायला चाक फिरवणाऱ्याकडे देताना एकच सांगावे, पाणी मारत लाव. कोरड्या चाकावर धार निळसर झाली तर ती तीनशे अंशांच्या जवळ तापली. तेवढा भाग मऊ पडतो, कितीही घासले तरी धार टिकत नाही.

आणि यादीत राहून गेलेली गोष्ट. शस्त्र नियमांतील पात्याची ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा वाचून ‘त्याखालचे सगळे चालते’ असे समजणारे बरेच आहेत. चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे इंचांचा हिशेब नाही. विमानात केबिनच्या सामानात तर चाकू नेताच येत नाही. बटण दाबताच उघडणारा रामपुरी किंवा त्याचा नवा अवतार तर रोजच्या कामाला घेऊच नये. पेरू त्याने अधिक चांगला कापला जात नाही, तपासणीत उत्तरे मात्र द्यावी लागतात. ट्रेकला न्यायचा चाकू सॅकच्या तळाशी, रुमालात गुंडाळून न्यावा आणि ऑफिसच्या दिवशी घरीच ठेवावा.

पुढची यादी छापताना चाकूपुढे पात्याची लांबी, जाडी, पोलाद आणि लॉकचा प्रकार द्यावा, ही विनंती. चार शब्दांची जागा लागेल.

— एक वाचक, माहीम, मुंबई