मुद्दल सोडा, व्याज बघा

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या विद्यार्थी-कर्जमाफीवरचा आपला लेख वाचला. ‘आम्ही पोटाला चिमटा काढून फेडलं, मग यांना फुकट का?’ हा त्यातला सूर इकडे न्यू जर्सीत रोज कानावर पडतो. ऑगस्ट 2022 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी 10 हजार डॉलरपर्यंत, आणि पेल ग्रँट (गरीब घरच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती) मिळालेल्यांना 20 हजारांपर्यंत माफी जाहीर केली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या दोघींनी या वादापायी आठवडाभर अबोला धरला होता. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती योजना रद्द केली. वाद चालूच आहे.

त्यातल्या एकीने एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कर्जाचं खातं उघडून दाखवलं. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी काढलेले 40 हजार, व्याज 6.8 टक्के. म्हणजे महिन्याला 227 डॉलर नुसतं व्याज! पगाराच्या प्रमाणात बसवलेला तिचा हप्ता 180. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे हप्ते आणि व्याज थांबलं, तोवर सात वर्षं तिने एकही हप्ता चुकवला नव्हता. तरी बाकी 44 हजारांच्या घरात. दुसरीचा नवरा प्लंबर, कॉलेजची पायरी न चढलेला. ‘त्याच्या करातून हिचं कर्ज का?’ हा तिचा सवाल. ती तो आकडा बघत राहिली आणि म्हणाली, ‘ही तर सावकारी झाली.’ माफीला मात्र तिचा विरोध अजून कायम आहे.

म्हणूनच ‘माफी हवी की नको’ एवढ्यावरच लोकमत मोजणं मला अपुरं वाटतं. कोविडकाळात धंद्यांना पीपीपी, म्हणजे नोकरांचे पगार चालू ठेवण्यासाठीच्या सरकारी योजनेत दिलेली सुमारे 800 अब्ज डॉलरची कर्जं बहुतांशी माफ झाली. तेव्हा फुकटेपणाची एवढी चर्चा मी तरी ऐकली नाही. क्रेडिट कार्डाचं देणं दिवाळखोरीत सुटतं, विद्यार्थी-कर्ज सहसा सुटत नाही. 1998 पासून तर कितीही वर्षं उलटली तरी ‘असह्य हलाखी’ कोर्टात सिद्ध करावी लागते.

माफीने कॉलेजची फी उतरत नाही, हा आपल्या लेखातला आक्षेप मला मान्य आहे. पण हप्ता न चुकवणाऱ्याचं कर्ज वाढावं का, हा प्रश्न त्यात कुठेच आला नाही. त्यावर तरी आमच्या ऑफिसातल्या त्या दोघींचं एकमत आहे.

– एक वाचक, न्यू जर्सी