‘निष्काळजीपणा’ एवढं लिहून चौकशी संपवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यातल्या अपघाताची बातमी बहुतेक वेळा चार ओळींची असते. कुणाचा हात मशिनमध्ये सापडला, कुणी उंचावरून पडलं, कुणी टाकीत उतरला आणि वर आलाच नाही. शेवटच्या ओळीत व्यवस्थापनाचा खुलासा असतो की कामगाराने सुरक्षेच्या सूचना पाळल्या नव्हत्या. मी मशिनच्या देखभालीत काम करणारा इलेक्ट्रिशियन आहे. ही शेवटची ओळ वाचली की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

एक प्रकार मी स्वतः पाहिला आहे. पॅकिंग लाइनवरच्या एका मशिनला झाकणाचा गार्ड होता. झाकण उचललं की त्याखाली दाबून राहिलेला लिमिट स्विच सुटायचा आणि मशिन जागच्या जागी थांबायचं. एकदा ब्रेकडाउनचा कॉल आला म्हणून गेलो, तर झाकण उघडं आणि आतला पट्टा फिरतोय. वाकून पाहिलं तर स्विचचा दांडा तारेने आवळून खाली बांधलेला. म्हणजे झाकण लावलं काय, उघडलं काय, मशिनला काही कळणारच नाही. ऑपरेटरला मेमो मिळाला. गार्ड निकामी करणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे मेमोबद्दल माझी तक्रार नाही. पण ती तार तिथे का आली, हे त्याला कुणी विचारलं नाही. आत पुठ्ठा सारखा अडकत होता. दर वेळी झाकण उघडायचं, पुठ्ठा ओढायचा, मशिनचे भाग पुन्हा सुरुवातीच्या जागेवर आणायचे आणि मशिन सुरू करायचं, यात शिफ्टमधला बराच वेळ जायचा. टार्गेट मात्र पुठ्ठा कधी अडकतच नाही असं धरून ठरवलेलं. तारेवर धुळीचा थर होता. म्हणजे ती आजची नव्हती, आणि सुपरवायझर त्या मशिनसमोरून रोज जात होते. पुढे पुठ्ठा आत सरकवणाऱ्या फीडरची झिजलेली गाइड, म्हणजे पुठ्ठा सरळ नेणारी पट्टी, बदलली, पुठ्ठा अडकायचा बंद झाला आणि तार बांधायची गरजच उरली नाही. गाइड बदलायचा खर्च मंजूर करणं ऑपरेटरच्या हातात कधीच नव्हतं.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कामगाराची जबाबदारी खरी आहे, पण त्याच्या हातात जेवढं आहे तेवढीच. मशिन कोणतं घ्यायचं, त्याला गार्ड कसा असावा, किती माणसं लावायची, वेग किती ठेवायचा, दुरुस्तीसाठी लाइन कधी थांबवायची, हे सगळं मालक ठरवतो. धोक्याचा मोठा भाग तिथेच ठरून जातो.

सुरक्षेच्या कामात उपायांचा एक क्रम ठरलेला आहे. आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का ते पाहायचं. नाही तर कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरायची. तेही जमत नसेल तर गार्ड, धूळ ओढणारा पंखा, आवाज अडवणारं आवरण अशी व्यवस्था करायची. त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण. हेल्मेट, हातमोजे, मास्क सगळ्यात शेवटी, कारण ते वापरूनही धोका तिथेच राहतो. प्रत्यक्षात सुरुवात शेवटापासून होते. दगड कापणाऱ्याला कापडी मास्क दिला की काम झालं असं समजतात. पाण्याची धार धरून कापलं तर धूळ जागीच बसते, तरी त्या पाण्याची सोय कुणी करत नाही. दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तो बहुधा कित्येक वर्षांनी दिसतो, तोवर माणसाने नोकरीही बदललेली असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी कामाशी संबंधित कारणांनी सुमारे २९ लाख माणसं मरतात आणि त्यातली २६ लाख आजारांनी. हे मृत्यू चार ओळींच्या बातमीतसुद्धा येत नाहीत.

आता कामगारांच्या बाजूचं. हे मी आमच्याच लोकांना उद्देशून लिहितो आहे. मशिनमध्ये हात घालण्याआधी आयसोलेटर, म्हणजे मशिनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली खिशात ठेवायची. दोघे काम करत असतील तर कुलपं दोन. एकाच्या कुलपावर दुसऱ्याने भरवसा ठेवायचा नाही. मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशिन हलत नाही याची खात्री करायची. टेस्टरने तपासताना तो टेस्टर आधी चालू लाइनवर लावून पाहायचा, नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘सप्लाय नाही’ असंच सांगतो. एवढं करूनही कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, सिलिंडरमध्ये हवा दाबून राहिलेली असते, प्रेसचा रॅम, म्हणजे खाली येऊन दाबणारा जड भाग, वर थांबलेला असतो आणि त्याच्या खाली ठोकळा लावायचा असतो. ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून हे सगळं टाळणारे आमच्यातच आहेत. न घेतलेल्या प्रशिक्षणाच्या वहीत सही करणारेही आहेत. नवीन हेल्परला काहीही न सांगता आत पाठवणारे जुने हातही मी पाहिले आहेत, आणि त्याला माझ्याकडे माफी नाही. पण कुलूप विकत घेऊन देणं आणि कुलूप लावायला वेळ देणं हे काम मालकाचं आहे. कुलपं स्टोअरमध्ये बंद आणि स्टोअरची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे, असं असेल तर रात्रपाळीने काय करावं?

पाळी बदलताना निरोप नीट गेला नाही तर काय होतं, याचं भीषण उदाहरण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं आहे. ६ जुलै १९८८ रोजी तिथला एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता आणि त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे पाळीवरच्या माणसांपर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून त्यांनी पहिला पंप सुरू केला. गॅस बाहेर आला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. पंप सुरू करणाऱ्याचा निष्काळजीपणा, असं लिहून ती फाइल सहज बंद करता आली असती. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीने तसं केलं नाही. दुरुस्तीच्या कामाला लेखी परवानगी देण्याची, म्हणजे परमिटची, पद्धत कशी कोलमडली आणि व्यवस्थापनाने ती का चालू दिली, इथपर्यंत समिती गेली आणि १९९० साली १०६ शिफारशी दिल्या.

धोका दिसला तर काम नाकारावं, असं आम्हाला सांगितलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारात, क्रमांक १५५, हे लिहिलेलंही आहे. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामावरून बाजूला होतो, त्याला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागू नयेत. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, हेही त्याच करारात आहे. पण २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत कोसळली, तेव्हा आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या माणसांना त्या दिवशी कामावर येऊच दिलं नाही. वरच्या कपड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत जायला लावलं. ११०० हून अधिक जीव गेले. तडे दोघांनाही दिसत होते. फरक होता तो ‘नको’ म्हटल्यावर नोकरी राहते की जाते, एवढाच.

म्हणून तुमच्या बातमीदारांना माझी विनंती आहे. अपघाताच्या जागी गेलात तर व्यवस्थापनाला थोडं खोलात विचारा. त्या मशिनला गार्ड होता का आणि तो चालू होता का? सप्लाय तोडून कुलूप लावलं होतं का? जखमी माणूस त्या कामावर किती दिवसांपूर्वी आला, कंत्राटदाराचा होता की कायम, आणि त्याला ते काम कुणी शिकवलं? त्याच जागी याआधी कुणी थोडक्यात वाचलं होतं का, आणि त्याची तक्रार झाली असेल तर तिचं काय झालं? हा शेवटचा प्रश्न तेवढा सोडू नका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी रजिस्टरात आधीच लिहिलेलं असतं.

आपला,
देखभाल विभागातला एक इलेक्ट्रिशियन