ही परंपरा सव्वाशे वर्षांचीच

महोदय,
जपानी कुटुंबव्यवस्थेचे कौतुक करताना कर्तव्य, घराण्याची अब्रू आणि नवराबायकोचे एकच आडनाव हे सारे पुरातन म्हणून सांगितले जाते. आडनावापुरते तरी हे खरे नाही. लग्नानंतरही स्त्रीने माहेरचेच आडनाव लावावे, असा आदेश जपानच्या मेइजी सम्राटाच्या काळातल्या सरकारनेच १८७६ मध्ये काढला होता. एका आडनावाची सक्ती आली ती १८९८च्या नागरी संहितेने. याच संहितेने घरातल्यांच्या लग्नाला संमती देण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाच्या हाती दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, कुटुंबप्रमुखाची सत्ता गेली. एका आडनावाची सक्ती मात्र नागरी संहितेच्या कलम ७५० मध्ये टिकून राहिली. कायदा म्हणतो, दोघांपैकी कुणाचेही आडनाव घ्या. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच आपले नाव सोडते. याला निवड कसे म्हणायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही तरतूद घटनात्मक ठरवली. पंधरा न्यायाधीशांच्या त्या पीठावर तीन स्त्रिया होत्या आणि तिघींनीही ती घटनाबाह्य मानली, हे मला फार बोलके वाटते. २०२१ मध्येही न्यायालयाने तोच कौल दिला.

वेगळ्या आडनावाची मुभा मागणाऱ्या स्त्रियांना कुटुंब मोडायचे आहे, हा आरोप अन्यायाचा आहे. जुन्या नावावर शोधनिबंध, नव्या नावाचे पासपोर्ट, असा त्यांचा रोजचा जाच आहे. केइदानरेन या बड्या उद्योगांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये सरकारकडे हीच मुभा मागितली. आता निर्णय संसदेने घ्यायचा आहे.

– एक वाचक, पुणे