बाजारपेठेचे काम बाजाराच्या पंचांगाप्रमाणे व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील कोणत्याही शहरात बाजारपेठेच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की चर्चा पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि एखादी स्वागतकमान यांच्यापलीकडे सहसा जात नाही. रत्नागिरीच्या बाजारपेठेत ज्याचा रोजचा व्यवहार चालतो अशा एका दुकानदाराच्या नात्याने मला या विषयाची दुसरी बाजू आपल्या वाचकांपुढे मांडायची आहे. रामआळी, गोखले नाका आणि आसपासच्या रस्त्यांवर वर्षभर सण, जत्रा, पालखी आणि हंगामी बाजार यांची जी वर्दळ असते, ती विचारात न घेता आखलेली रस्त्याची कोणतीही सुधारणा इथे टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे रस्त्याच्या कामाला वर्षाचे बारा महिने मिळतच नाहीत. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या पावसातच गणपती येतात, मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघतात आणि मखराचे सामान, पूजेचे साहित्य, फळे, फुले, पत्री यांचा बाजार ताडपत्र्यांखाली रस्त्याच्या कडेला भरतो. पाऊस ओसरला की दिवाळी, तिच्यापाठोपाठ कार्तिकी एकादशीला विठ्ठल मंदिराची जत्रा, फाल्गुनात शिमगा आणि त्यानंतर आंबा, लग्नसराई व मे महिन्याच्या सुट्टीची गर्दी. हा क्रम पाहिला तर खोदकामासाठी सलग मोकळा काळ कार्तिकी एकादशीनंतर होळीपर्यंतचा, म्हणजे सुमारे चार महिन्यांचाच उरतो. निधी मात्र सर्वत्र मार्चअखेरच्या घाईने खर्च होताना दिसतो आणि मग एप्रिल-मेमध्ये उकरलेला रस्ता अर्धवट अवस्थेत पावसाच्या तोंडी जातो. निविदा आणि मंजुऱ्या पावसाळ्यातच उरकून घेतल्या, तर जत्रा आटोपताच दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येईल. यासाठी जास्त पैसा लागत नाही, आधी विचार करावा लागतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी गटारे, मग जमिनीखालील नळ आणि वाहिन्या, त्यानंतर रस्त्याचा पृष्ठभाग आणि सर्वांत शेवटी दिवे व शोभेच्या वस्तू, असाच तो असला पाहिजे. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवत गेले की रस्ता उंच होतो, दुकानांची जोती तुलनेने खाली जातात आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी थेट दुकानात शिरते. कापडाच्या आणि किराणा मालाच्या दुकानदाराला अशा एका दिवसाचा फटका पुढे वर्षभर पुरतो. पेव्हर ब्लॉकचेही तसेच आहे. त्यांच्या कडा पक्क्या बांधलेल्या नसतील आणि खालच्या पाण्याला वाट नसेल, तर अंथरलेली वाळू वाहून जाते, ठोकळे डुगडुगू लागतात आणि वयस्कर माणसांना त्यावरून चालणे धोक्याचे होते. शिवाय नव्या रस्त्याखाली केबल आणि नळांसाठी मोकळे पाइप आधीच टाकून ठेवले नाहीत, तर काम पूर्ण झाल्यावर कोणीतरी पुन्हा कुदळ घेऊन येणारच. आपल्या जुन्या बाजारात कौलारू दुकानांच्या पडव्या रस्त्याच्या बाजूला पुढे आलेल्या असत, त्यामुळे गिऱ्हाइकाला पावसातही बऱ्यापैकी कोरड्याने चालता येत असे. नव्या इमारतींना परवानगी देताना तळमजल्यावर अशी छत असलेली, सलग चालण्याची जागा राखायला सांगता येईल का, याचा विचार नगररचनाकारांनी जरूर करावा.

शिमग्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण सुशोभीकरणाच्या आराखड्यात त्याचा विचार झालेला क्वचितच दिसतो. बारा वाड्यांचे ग्रामदैवत असलेल्या श्रीदेव भैरीची पालखी शिमग्यात शहरातून फिरते. पालखी नाचवायला रुंदी लागते, तिच्या वाटेवर खाली लोंबणाऱ्या तारा आणि रस्त्यावर पुढे आलेले फलक चालत नाहीत, आणि होळीचे उंच झाड खांद्यावरून आणायचे तर ते नाक्यावर वळवण्याइतकी मोकळी जागा राहावी लागते. नाक्याच्या मधोमध शोभेचे कारंजे किंवा कठड्याने वेढलेले वर्तुळ उभारण्याआधी मानकऱ्यांना आणि वाडीतील जाणत्या माणसांना एकदा जागेवर बोलावून विचारले, तर पुढचा वाद टळेल. पालखीच्या वाटेचा विचार करून मोकळा ठेवलेला रस्ता अग्निशामक बंबाला आणि रुग्णवाहिकेलाही मोकळाच मिळतो.

अरुंद आळ्यांमध्ये वेगळा पदपथ काढण्याचा आग्रह मला पटत नाही. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी लागते. दोन्ही बाजूंना तेवढी जागा सोडली, तर काही आळ्यांत मधे रस्ताच उरणार नाही. त्यापेक्षा संपूर्ण आळी एका पातळीत ठेवावी, माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ द्यावी आणि संध्याकाळी वाहने बंद करावीत. वाहने थांबली तर गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती आम्हा दुकानदारांपैकी अनेकांना वाटते आणि ती मी समजू शकतो. पण गणपतीच्या आधीच्या दिवसांत जेव्हा गर्दीमुळे दुचाकीसुद्धा आत शिरू शकत नाही, तेव्हाच आमचा गल्ला सर्वाधिक भरतो, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. जवळपास वाहने उभी करायला जागा आणि वयस्कर व अपंग व्यक्तींना आत सोडणाऱ्या रिक्षांना मुभा, एवढी सोय मात्र आधी झाली पाहिजे.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बायकांना हटवून बाजार सुंदर होतो, ही समजूत मला अन्यायकारक वाटते. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे, जांभळे आणि कोकम घेऊन गावांतून येणाऱ्या या विक्रेत्यांमुळेच अनेक गिऱ्हाइके मोठ्या दुकानांच्या दारापर्यंत येतात. पथविक्रेत्यांविषयीच्या 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांना आणि त्यात एक तृतीयांश महिलांना दिले आहे. रस्त्याचा आराखडा या समितीपुढे ठेवून त्यांच्या बसण्याच्या जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह यांची नोंद नकाशावरच व्हावी. दिवसभर बाजारात बसणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृह नसणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि कितीही रंगीत दिवे लावले तरी ती झाकली जाणार नाही.

कार्यक्रमांबाबतही एक विनंती आहे. रस्ता अडवून मोठा मंच आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करणारे महोत्सव बाजाराच्या उपयोगाचे नसतात. लोक एकाच जागी उभे राहतात आणि आजूबाजूची दुकाने झाकली जातात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे आणि एरवी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. त्याऐवजी लोकांना चालते ठेवणारे छोटे कार्यक्रम व्हावेत. एका नाक्यावर जाखडीचा नाच, दुसऱ्यावर कोकणातल्या नमनाचा खेळ, मधल्या जागेत बचत गटांच्या महिलांचे मोदक आणि कोकम सरबत. लोकमान्यांचे जन्मस्थान, 1931 मध्ये सर्व जातींसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर आणि 1828 साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालय ही शहराची ठिकाणे बाजाराला जोडून पायी दाखवता येतील. यासाठी साधे दिशाफलक आणि सावलीत बसायला चार बाक पुरेसे आहेत.

येत्या पावसाळ्यात नगर परिषद, व्यापारी, देवस्थानांचे मानकरी आणि पथविक्रेते यांची एकत्र बैठक व्हावी. तिच्यात पुढच्या वर्षीचे कामाचे वेळापत्रक तिथींसह ठरवावे, कोणत्या आळीत कोणत्या आठवड्यात खोदकाम होईल हे नाक्यानाक्यावर लावावे आणि आपल्या वृत्तपत्रानेही ते प्रसिद्ध करावे, म्हणजे आम्हा दुकानदारांना सणाचा माल भरण्यापूर्वी ते हाती असेल.

आपला विश्वासू,
एक दुकानदार आणि नियमित वाचक,
रत्नागिरी