पाटण तालुक्यातल्या तान्ह्या बाळांच्या कानांच्या तपासणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यावर्षी आपल्या मंडळाने डीजेचा खर्च पूर्ण बंद करून ते पैसे बाजूला ठेवलेत, त्यातून बाळांची ऐकण्याची तपासणी करायचं ओएई मशिन घ्यायचंय, पण ते पैसे पुरत नाहीत म्हणून हे आवाहन.

जन्मतःच नीट ऐकू न येणारी बाळं हजारात एक-दोन तरी असतातच, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बाळांच्या बाबतीत काही धोक्याचं कारणच दिसत नाही, म्हणजे घरात कोणी बहिरं नाही, बाळंतपण नॉर्मल, वजन चांगलं. बरं, ऐकू न येणारं बाळ पण सुरुवातीचे महिने हुंकार देतं, हसतं, आवाज काढतं, त्यामुळे आईला शंका येतच नाही. मग घरातले थाळी वाजवून बघतात, बाळ वळतं (हाताची हालचाल दिसते म्हणून, किंवा हादरा जाणवतो म्हणून) आणि सगळे निश्चिंत होतात. दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटल्यावर "अगं याचा मामा पण उशिराच बोलला होता" असं म्हणून अजून एक वर्ष जातं. ही वर्षं फार महागात पडतात हो, कारण मेंदू भाषा शिकतो ती याच वयात.

म्हणून डॉक्टर लोक सांगतात की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत ऐकायचं मशिन (श्रवणयंत्र) किंवा थेरपी सुरू. तपासणीत काही त्रास नाही, बाळ झोपलेलं असताना कानात मऊ टोकाचा छोटा प्रोब ठेवून बारीक आवाज सोडतात, आतला कान चांगला असेल तर त्यातून उलट बारीक आवाज येतो तो मशिन पकडतं. सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचं काम. रिझल्ट पास किंवा रेफर (म्हणजे पुन्हा तपासायला हवं) येतो. रेफर आलं तर प्लीज घाबरू नका, पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी किंवा चिकटा राहिला तरी रेफर येतं, परत तपासायचं आणि दुसऱ्यांदा पण आलं तरच बेरा (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी) करायची. काचेत ठेवलेल्या, कावीळ खूप वाढलेल्या बाळांची मात्र बेरा करायचीच, कारण आतला कान चांगला पण नस कमजोर असेल तर ओएई पास येऊ शकतं.

सरकारची योजना आहे, २०१३ पासून आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीचा) आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं डीईआयसी सेंटर (अशा मुलांवर लवकर उपचार करायचं केंद्र) असतं, कॉक्लियर इम्प्लांटला (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकायचं यंत्र) सुद्धा सरकारी मदत मिळते पण ती लहान वयातच. अडचण जाण्यायेण्याची आहे. हेळवाक, मोरगिरी, ढेबेवाडीच्या वरच्या वाड्यांमधून ओली बाळंतीण साताऱ्याला कशी जाणार, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि एकदा जाऊन भागत नाही, बाळाचा कान वाढतो तसा श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा दर थोड्या महिन्यांनी बदलावा लागतो, बॅटऱ्या लागतात, थेरपीला सारखं जावं लागतं. श्रवणयंत्र कपाटात पडून राहतं ते इथेच.

तर पैसे ओएई मशिन, त्याचे प्रोब टिप, रेफर आलेल्या बाळांचा गाडीखर्च आणि साचे-बॅटऱ्या यासाठी वापरणार. ज्या आईवडिलांना भारतीय सांकेतिक भाषा शिकायचीय त्यांच्यासाठी पण वर्ग घ्यायचा विचार आहे, मूल बोलून शिको की हाताने, त्याला भाषा वेळेत मिळाली पाहिजे.

शंभर रुपये दिले तरी चालतील. पुण्या-मुंबईत असलेल्या आपल्या पोरांनी जरा जास्त हात सैल सोडावा. ज्यांची गाडी आहे त्यांनी महिन्यातला एक दिवस द्यावा, आणि तालुक्यातलं कोणी ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) किंवा स्पीच थेरपिस्ट असेल तर त्यांची आम्हाला पैशापेक्षा जास्त गरज आहे. आशाताईंनी आपल्या गावातल्या नवीन बाळंतिणींची नावं मंडळाकडे द्यावीत.

रोख पैसे मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी सात नंतर, पावती घेतल्याशिवाय देऊ नका, हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.