ओळी मोजून श्रोते कळत नाहीत

संपादक महोदय,

इंटरनेट रेडिओची श्रोतेसंख्या सांगताना सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधल्या (कोणी काय मागितले याच्या नोंदवहीतल्या) ओळी मोजून आकडा पुढे करणे साफ चूक आहे. प्रसारण एचएलएस पद्धतीचे, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे करून पाठवणारे असेल आणि तुकडे सहा सेकंदांचे असतील, तर एकट्या श्रोत्याच्या तासाभरात ६०० ओळी पडतात. तुकड्यांची यादी प्लेअर पुन्हा पुन्हा मागतो, त्या ओळी वेगळ्याच.

आइसकास्ट या रेडिओ प्रसारणाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरचे नेमके उलटे. तिथे एका जोडणीची एकच ओळ पडते आणि तीही श्रोता गेल्यावर. ओळीवरची वेळ ऐकणे संपल्याची असते. शेवटचा आकडा म्हणजे तो किती सेकंद जोडलेला होता. साडेदहाच्या ओळीत शेवटी ५४०० दिसले तर तो नऊला आला होता. एका वेळी जास्तीत जास्त किती जण ऐकत होते, हे काढायचे तर प्रत्येक ओळीतून असे सेकंद वजा करून कोणाचा वेळ कोणाच्या वेळेवर येतो, ते पाहावेच लागते.

खरी मेख त्याच ओळीतल्या, किती बाइट्स पाठवले ते सांगणाऱ्या रकान्यात आहे. १२८ केबीपीएसचा प्रवाह सेकंदाला १६,००० बाइट्स पाठवतो. ६०० सेकंदांचे झाले ९६ लाख. जोडताक्षणी एकदम दिले जाणारे ६५,५३५ धरले की सुमारे ९६.७ लाख. इतके असतील तर आवाज नीट पोचला. त्याच ६०० सेकंदांपुढे ९१.४ लाखांच्या आसपास आकडा असेल, तर श्रोता आपणहून गेलेला नाही. आइसकास्टच्या मूळ सेटिंगमध्ये मागे पडलेल्या श्रोत्यासाठी राखून ठेवलेल्या आवाजाची रांग ५,२४,२८८ बाइट्सची, म्हणजे जेमतेम ३३ सेकंदांची असते. तो तेवढा मागे पडला आणि सर्व्हरनेच त्याला काढले. एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या अडचणींच्या नोंदवहीत, त्याच वेळेची नोंद सापडते.

हे एखाद्याच आयपी पत्त्याबाबत होत असेल तर त्या बाजूचे नेटवर्क तपासायला सांगावे. मात्र पन्नास ओळी एकाच सेकंदाला पडल्या असतील तर आधी स्टुडिओकडून येणारा प्रवाह पाहावा. मूळ सेटिंगप्रमाणे दहा सेकंद काहीच आले नाही की सर्व्हर स्रोत बंद करतो, आणि फॉलबॅक माउंट (श्रोत्यांना वळवायचा पर्यायी प्रवाह) दिलेला नसेल तर सगळे श्रोते एकदम तुटतात.

एकाच पत्त्यावरून, एकाच प्लेअरच्या लागोपाठ दोन-तीन सेकंदांच्या ओळी म्हणजे बहुधा तुटून पुन्हा जोडणारा एकच श्रोता. त्या एकत्र कराव्यात. पत्ता एक पण प्लेअर वेगळे असतील तर मात्र सरसकट एक धरू नये, एका राउटरमागे अनेक जण असू शकतात. आणि आकडा जाहीर करताना किती सेकंदांखालच्या जोडण्या वगळल्या, हे त्याच्या शेजारीच छापावे.

आपला,
एक प्रसारण तंत्रज्ञ